‘बाबा, आठ करून दाखवते!’

रायपूरहून दुर्गकडे निघालं की खारून नदी ओलांडताच दुर्ग जिल्हा सुरू होतो आणि थोड्याच वेळात कुम्हारी लागतं. रायपूर–दुर्ग लोहमार्ग इथूनच जातो आणि राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 सुद्धा. लोक मात्र या रस्त्याला अजून जुन्याच नावानं ओळखतात… जी. ई. रोड! ट्रकची घरघर दिवसरात्र चालू. पाहुण्याला पहिली रात्र झोप लागत नाही, आणि कुम्हारीच्या माणसाला त्या आवाजाशिवाय लागत नाही.

या गावातलं हे एक मराठी घर. तसं पाहिलं तर या मुलखात मराठी माणूस नवा नाही. 1956 पर्यंत छत्तीसगड आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. पुढे भिलाईचा पोलाद कारखाना आला, 1959 साली त्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि नोकरीच्या निमित्तानं आणखी मराठी कुटुंबं इकडे येऊन स्थिरावली. या घरातले बाबा मात्र कारखान्यासाठी आले नव्हते. ते आले भंडाऱ्याहून, तांदळाच्या मागोमाग! तिकडेही भाताचा पट्टा, इकडेही भाताचा पट्टा. एका राइस मिलमध्ये मुनीम म्हणून चिकटले, ते तिथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि मिलमधल्या हमालांशी छत्तीसगढी, अशा तिन्ही भाषा त्यांच्या तोंडी सारख्याच सहज.

त्यांची थोरली लेक 2021 साली इंजिनिअरिंगला गेली. घराण्यातली पहिली इंजिनिअर होणार! महाविद्यालय दुर्गच्या बाजूला, त्यामुळे रोज लोकलनं अपडाऊन. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलेलं. आईनं डब्यात कधी पोळी-भाजी द्यायची, कधी चिला, आणि संध्याकाळी लेक घरी आली की एकच प्रश्न, “आज काय शिकवलं गं?” उत्तर कळायचं नाही, पण विचारल्याशिवाय राहवायचं नाही.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा बाबांनी विचारलं, “किती टक्के?”

“बाबा, आता टक्के नसतात. ग्रेड असतात. सीजीपीए.”

“म्हणजे फर्स्ट क्लास की सेकंड?”

“तसं नसतं हो. आत्ता थोडा कमी आहे. पण शेवटच्या वर्षापर्यंत मी आठ करून दाखवते!”

‘आठ’ हा आकडा बाबांना कळला. दहापैकी आठ म्हणजे त्यांच्या हिशेबानं ऐंशी टक्के. त्यांच्या काळी साठला फर्स्ट क्लास आणि पंचाहत्तरला डिस्टिंक्शन. मग काय विचारता! गोंदियाच्या मामाला फोन गेला, भंडाऱ्याच्या काकांना गेला. “पोरगी आठ करणार म्हणते!” नात्यात बातमी पसरायला तेवढं पुरे.

वचन देताना लेकीनं ते मनापासून दिलं होतं. फक्त ते देण्यापूर्वी तिनं एक गोष्ट केली नव्हती. हिशेब!

*

2023 ची दिवाळी जवळ आली होती. चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागून आठवडा झाला होता, आणि लेक जेवताना बोलत नव्हती. मोबाईल पालथा ठेवायची. आई म्हणाली, “तब्येत बरी नाही का गं?” ती म्हणाली, “डोकं दुखतंय.” दुखणं डोक्याचं नव्हतं. कंपनीच्या कॅम्पस मुलाखतींची माहिती वर्गात सांगितली गेली होती: सहाव्या सेमिस्टरनंतर सीजीपीए किमान 6.5 असेल, तोच विद्यार्थी परीक्षेला बसेल. आणि तिच्या गुणपत्रिकेवर आकडा होता 5.90.

एका रात्री बाबा मिलमधून उशिरा आले. धानाचा हंगाम तोंडावर, वह्यांचं काम वाढलेलं. हात-पाय धुऊन बसले तर लेक समोर येऊन उभी.

“बाबा, मी तुम्हाला खोटं सांगितलं. आठ होत नाहीये.”

बाबा रागावले असते तर तिला कदाचित बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “खोटं की चुकीचं, ते आधी बघू. गुणपत्रिका घेऊन ये. सगळ्या.”

चार कागद चटईवर पसरले गेले. बाबांनी चष्मा लावला. ग्रेडची अक्षरं त्यांना नवी होती, पण त्यांच्यासमोरचा रकाना त्यांच्या ओळखीचा निघाला. हा दहाचा तक्ता विद्यापीठ अनुदान आयोगानं 2014 साली सुचवला आणि हळूहळू देशभरच्या विद्यापीठांत रुळला. ‘ओ’ म्हणजे 10, ‘ए प्लस’ म्हणजे 9, ‘ए’ 8, ‘बी प्लस’ 7, ‘बी’ 6, ‘सी’ 5, ‘पी’ म्हणजे नुसता पास 4, आणि नापास किंवा गैरहजर असेल तर शून्य. प्रत्येक विषयापुढे आणखी एक आकडा असतो, क्रेडिट. आठवड्याला एक तास शिकवणी, अशी सेमिस्टरभर चालली की एक क्रेडिट. प्रयोगशाळा असेल तर दोन तासांना एक.

लेकीनं दुसऱ्या सेमिस्टरचा कागद पुढे सरकवला. “हे बघा. सहा विषय. ग्रेडचे आकडे 4, 5, 5, 6, 6 आणि 8. बेरीज 34, भागिले सहा, म्हणजे 5.67 यायला हवं. यांनी 5.40 दिलंय. मला तेव्हाही वाटलं होतं की काहीतरी चुकलंय.”

बाबांनी कागद हातात घेतला आणि हसले. त्या आठवड्यात त्या घरात कोणी हसलं, ते पहिल्यांदाच!

“बेटा, मिलमध्ये 60 क्विंटल तांदूळ 3000 च्या भावानं आला आणि 20 क्विंटल 4000 च्या भावानं आला. सरासरी भाव काय पडला?”

“3500.”

“असा हिशेब मी लावला असता तर शेठनं मला केव्हाच घरी पाठवलं असतं! 60 क्विंटलचे झाले 1 लाख 80 हजार. 20 क्विंटलचे 80 हजार. एकूण 2 लाख 60 हजार, भागिले 80 क्विंटल. भाव पडला 3250. माल जिकडे जास्त, सरासरी तिकडे झुकणार. तुझं क्रेडिट म्हणजे क्विंटल, आणि ग्रेड म्हणजे भाव.”

मग दोघांनी मिळून तो कागद पुन्हा मांडला. गणित 4 क्रेडिट, ग्रेड 4, म्हणजे 16. रसायनशास्त्र 4 क्रेडिट, ग्रेड 5, म्हणजे 20. प्रोग्रॅमिंगचंही तसंच, 20. इंग्रजी 3 क्रेडिट, ग्रेड 6, म्हणजे 18. वर्कशॉप तेवढंच, 18. आणि प्रयोगशाळा 2 क्रेडिट, ग्रेड 8, म्हणजे 16. एकूण 108. भागिले 20 क्रेडिट. बरोबर 5.40!

चूक कोणाचीच नव्हती. जिथे तिला आठ मिळाले होते तो विषय हलका होता, आणि जिथे ती कशीबशी पास झाली होती तो जड. प्रयोगशाळेत आठाचे दहा केले असते तर बेरजेत 4 ची भर पडली असती. तेवढ्याच दोन पायऱ्या गणितात चढली असती, चाराचे सहा केले असते, तर भर पडली असती 8 ची. मेहनत करताना हे कोणी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. जे आवडायचं ते ती जास्त करायची. गणित मागे पडायचं.

*

आता मुख्य प्रश्न. आठ होणार की नाही?

आपल्याकडे घराघरांत या प्रश्नाचं उत्तर भावनेनं दिलं जातं. ‘जिद्द ठेव, सगळं होतं!’ असं म्हणणारा एखादा काका प्रत्येक घरात असतो. पण सरासरी जिद्दीला ओळखत नाही, तिला बेरीज कळते. 2018 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं बी.टेक.चा जो नमुना अभ्यासक्रम आणला, त्यात चार वर्षांची मिळून 160 क्रेडिट धरलेली आहेत. लेकीच्या अभ्यासक्रमाचीही तेवढीच, दर सेमिस्टरला 20. अर्धी, म्हणजे 80, संपली होती. 80 गुणिले 5.90, म्हणजे तिच्या खात्यात 472 जमा.

शेवटी 8 हवे असतील तर 160 गुणिले 8, म्हणजे 1280 लागणार. 1280 मधून 472 गेले, उरले 808. आणि उरलेली क्रेडिट 80. म्हणजे यापुढे प्रत्येक विषयात, प्रत्येक प्रयोगात, सरासरी ग्रेड हवी 10.1.

आणि ग्रेड तर 10 च्या पुढे जातच नाही!

लेक त्या आकड्याकडे बघत राहिली. उद्यापासून तिनं झोपणं सोडलं, प्रत्येक विषयात ‘ओ’ आणला, तरी ती 7.95 वर थांबणार होती. आठचं दार चौथ्या सेमिस्टरच्या निकालानंच बंद झालं होतं. वर्षभर उराशी बाळगलेलं ओझं हे असं, तीन ओळींच्या वजाबाकीत संपलं.

ती रडली. आईनं पाणी आणलं. बाबा म्हणाले, “रडून घे. पण वही मिटू नको. आठ नाही, मग काय होऊ शकतं ते बघू. मालाला हवा तो भाव नाही मिळाला म्हणून मिल बंद करतो का आपण?”

पुढच्या ओळी तिनंच मांडल्या. शेवटी 7 हवे असतील तर उरलेल्या चार सेमिस्टरमध्ये सरासरी 8.1 हवेत. अवघड! शेवटी 6.5 हवे असतील तर 7.1. जमण्यासारखं. पण कंपनी शेवटपर्यंत थांबणार नव्हती. तिला 6.5 हवे होते सहाव्या सेमिस्टरअखेर, म्हणजे 120 क्रेडिटवर 780. त्यातून 472 वजा, 308 उरले, आणि हाताशी 40 क्रेडिट. सरासरी 7.7. म्हणजे प्रत्येक सेमिस्टरला 154.

“एकशे चौपन्न,” बाबा म्हणाले. “आता हा आकडा धर. आठ विसर.”

त्या रात्री पाचव्या सेमिस्टरचे विषय एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला चिकटवला गेला. चार क्रेडिटचे तीन विषय: एकात 8, दोनांत 7. तीन क्रेडिटच्या दोन विषयांत 8. दोन क्रेडिटच्या प्रयोगशाळेत 9. 32, 28, 28, 24, 24 आणि 18. बरोबर 154. कुठेही चमत्काराची अपेक्षा नव्हती. सगळीकडे ‘ओ’ आणायची गरज नव्हती. फक्त जड विषयाला आधी वेळ द्यायचा, आणि वर्गातल्या चाचण्यांचे, हजेरीचे गुण फुकट घालवायचे नाहीत, कारण ते परीक्षेआधीच खात्यात पडतात.

*

इथं कोणी म्हणेल, हा शुद्ध बाजार झाला! विद्या म्हणजे काय तांदूळ आहे? आक्षेपात तथ्य आहे. ग्रेडचा हिशेब करणारी मुलं सोप्या विषयांच्या मागे लागतात, आवडीचा पण अवघड विषय टाळतात, हे शिक्षक नेहमीच सांगतात. पण या घरात उलटं घडलं. हिशेब मांडल्यावर लेक गणिताकडे, जड विषयाकडे वळली. आतापर्यंत ती त्याला घाबरून प्रयोगशाळेच्या आठांत समाधान मानत होती. हिशेबानं तिला पळवाट दाखवली नाही, ती आजवर कुठून पळत होती ते दाखवलं.

पाचव्या सेमिस्टरचा निकाल आला. 154 नाही झाले. 148 झाले. सरासरी 7.4, एकूण सीजीपीए 6.20. तिचा चेहरा पडला, पण मोबाईल पालथा पडला नाही. तिनं त्याच संध्याकाळी कागद काढला. आता सहाव्यात हवेत 160, म्हणजे बरोबर 8. बाबा म्हणाले, “उधारी वाढली. पण हातात आहे.”

सहाव्यात तिनं 156 मिळवले. आजवरचा तिचा सर्वांत चांगला निकाल! एकूण 776, भागिले 120. उत्तर 6.4666… दोन दशांश स्थळांपर्यंत 6.47.

कंपनीची अट 6.50.

चार गुणांनी चुकलं. चार म्हणजे किती? चार क्रेडिटच्या एकाच विषयात एक पायरी वर. दुसऱ्या सेमिस्टरच्या गणितात ‘पी’ ऐवजी ‘सी’ असता, तर बेरीज 780 झाली असती आणि आकडा 6.50. दोन वर्षांपूर्वीच्या एका पेपरची एक पायरी! त्या वेळी ती मैत्रिणींना म्हणाली होती, “पास तर झाले ना, बस!” पास होण्यात आणि पास होण्यात काय फरक असतो, ते तिला 2024 च्या उन्हाळ्यानंतर कळलं.

वर्गातले सहाजण त्या परीक्षेला बसले. ती बसली नाही. त्या दिवशी ती लोकलनं नेहमीपेक्षा लवकर घरी आली आणि आईला पीठ मळून दिलं. आईनं काही विचारलं नाही.

पण या घरात वही मिटायची नाही असं ठरलं होतं. सातव्या सेमिस्टरमध्ये आणखी एक कंपनी आली, लहानशी. तिची अट 6.0 आणि राहिलेला विषय एकही नको. वर्षापूर्वी, 5.90 वर, ती या दारातूनही आत गेली नसती. आता गेली. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. मुलाखतीत विचारलं, “पहिली दोन वर्षं कमी, नंतर एकदम वाढ. असं का?” तिनं चटईवरची ती रात्र सांगितली. तांदळाच्या भावासकट! समोरचे गृहस्थ हसले. पंधरा दिवसांनी पत्र आलं. पगार मोठा नाही, पण कर्जाचे हप्ते सुरू होतील तेव्हा ते बाबांच्या एकट्याच्या खांद्यावर पडणार नाहीत, एवढा नक्की.

सातव्यात 158, आठव्यात 164. 2025 साली ती बी.टेक. झाली तेव्हा एकूण बेरीज होती 1098. भागिले 160. सीजीपीए 6.86.

*

आता बाबांचा जुना प्रश्न पुन्हा आला. “टक्के किती?”

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, आणि अनेक घरांत यावरून घोळ होतो. कोणी सरळ 9.5 नं गुणतं. हा साडेनऊचा गुणाकार मुळात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं दहावीसाठी, तिथं ग्रेड होते त्या वर्षांत, सांगितला होता. महाविद्यालयाशी त्याचा संबंध नाही. काही विद्यापीठं सीजीपीएला दहानं गुणतात, काही आधी 0.75 वजा करून मग गुणतात. याच 6.86 चे पहिल्या रीतीनं 65.17 टक्के होतात, दुसऱ्या रीतीनं 68.6 आणि तिसऱ्या रीतीनं 61.1. एखाद्या अर्जावर 65 टक्क्यांची अट असेल तर कोण आत आणि कोण बाहेर, हे सूत्रावर ठरतं! म्हणून आपल्या विद्यापीठाचं सूत्र कोणतं, ते गुणपत्रिकेच्या मागे किंवा नियमपुस्तिकेत पाहावं आणि लागेल तिथं विद्यापीठाचाच दाखला जोडावा. राहिलेला विषय नंतर सुटला तर जुना शून्य पुसला जातो का, गुण सुधारण्यासाठी पुन्हा बसता येतं का, हे नियमही जागोजागी वेगळे. ते पहिल्याच वर्षी विचारून ठेवलेले बरे.

आणि आईवडिलांनी काय करावं? ‘किती टक्के?’ एवढंच विचारून थांबू नये. प्रत्येक निकालानंतर एकदा कागद मागावा, क्रेडिट आणि ग्रेड यांचे दोन रकाने बघावेत, मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून गुणाकार करावा. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. भाजीचा हिशेब येतो त्याला हाही येतो. पहिल्या वर्षी हा हिशेब झाला तर तो मार्ग दाखवतो. शेवटच्या वर्षी झाला तर नुसती नोंद उरते. 20 क्रेडिट झाली असताना एक चांगला सेमिस्टर सरासरी उचलून धरतो. 140 झाल्यावर तोच सेमिस्टर तिला जेमतेम हलवतो. या लेकीच्या आठव्या सेमिस्टरच्या 8.2 नं एकूण आकडा 6.67 वरून 6.86 झाला, एवढाच.

बाकी राहिला तो गोंदियाचा मामा. निकालाच्या दिवशी त्याचा फोन आलाच. “काय मग, आठ झाले का?”

लेक जवळच उभी होती. तिनं मान खाली घातली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये अगदी मिलमधला भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं, “नाही. सहा पूर्णांक शहाऐंशी. पाच नव्वदवरून!”

पलीकडे मामाला त्यातलं काय कळलं कोण जाणे. पण कपाटाच्या दारावरचा तो पिवळा पडलेला कागद या घरात अजून कोणी काढलेला नाही. धाकटा भाऊ यंदा अकरावीला आहे.